स्पार्क टेस्ट

कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर,
दोराच्या दुसऱ्या टोकाला वर बापूराव.
दर दोन मिनिटांनी भोकातून वाकून विचारतो,
"बराय का?"
मी म्हणतो, "बराय."
उतरल्यापासून एवढंच बोलणं.

आत सगळं निळं.
घरी जुनी इनॅमलची परात होती,
तिच्या काठाचा टवका उडण्याआधीचं निळं.
दीड मिलिमीटर काच, मागे बोटभर पोलाद.
आम्ल पोलादाला खातं, काचेला खात नाही,
म्हणून वाळूजच्या या शेडमध्ये
सहा हजार लिटरचं हे भांडं
आतून काच पांघरून उभं आहे.

दोघांचं माप मुळात जुळत नाही.
तापलं की पोलाद जास्त पसरतं, काच कमी.
भट्टीतून निघताना पोलाद जास्त आकसलं
आणि त्यानं काचेला आवळून धरलं.
तेव्हापासून ती दाबात आहे.
दाबात आहे म्हणून तर धड आहे.
दाब सोसते ती वर्षानुवर्षं,
ताण सोसत नाही.

मी पितळी ब्रश फिरवतो.
सात हजार व्होल्ट, आणि शांतता.
या कामात शांतता म्हणजे चांगली बातमी.
वरचा घुमट शांत. बाजूची भिंत शांत.
पाण्याच्या नळाखाली, हातभर अंतरावर,
चट्.
पांढरी ठिणगी, एकाच जागी, पुन्हा पुन्हा,
जशी कुणी जीभ लावून सांगत बसावं,
इथं, इथं.

बॅटरी तिरपी धरली तेव्हा दिसला.
केसाएवढा. नखाला लागत नव्हता.
आपण म्हणतो, तडा गेला.
जात कुठेच नाही तो.
येतो, आणि राहतो.

लॉगबुक मी आधीच पाहिलं होतं.
तीन चाळीस: एकशे अठ्ठावीस अंश.
तीन पन्नास: एक्केचाळीस.
मधल्या दहा मिनिटांवर काही लिहिलेलं नाही,
फक्त सही. मुं. ग. काळदाते.
जानेवारीची रात्र, छतावरची टाकी,
त्या पाण्यात हात घातला तर
बोटं आपली वाटत नाहीत,
आणि ते पाणी रिकाम्या, तापलेल्या काचेवर.
काचेची वरची कातडी झटकन आकसली असेल.
मागचं पोलाद अजून गरम, अजून ऐसपैस.
कातडीला जायला जागाच नव्हती.

लहानपणी परभणीला लाईट गेली की
कंदिलाची काच पुसायचं काम माझं.
एकदा जळता कंदील ओल्या फडक्यानं पुसला.
काच आवाज न करता दोन झाली.
आई एवढंच म्हणाली,
"निवू द्यायची असती रे."

वर आलो तर मुंजाजी दाराशीच उभा.
रात्रपाळी संपून तीन तास झालेले,
कंपनीची बस केव्हाच गेलेली.
"सापडला का सायेब?"
"सापडला."
"मला तवाच कळलं व्हतं.
आतून एक बारीक आवाज आला.
सहाला पुढची बॅच लावायची व्हती,
साठवर येऊस्तोवर थांबा म्हनत्यात,
थांबायला अडीच तास लागत्यात."
मग थोड्या वेळानं,
"लिवा माझं नाव. सही तर हाय की."

रिपोर्टात कारणाचा रकाना आहे.
दोन बोटं रुंद.
त्यात 'अचानक थंड पाणी' मावतं.
सहाची बॅच मावत नाही,
अडीच तास मावत नाहीत.
मी बारीक अक्षरात लिहायला लागलो,
रकान्याबाहेर, समासात, कडेनं वर.
उपाय: टँटलमची गुडदी, एक नग.
तडा भरणार नाही, झाकला जाईल.

गेटबाहेर टपरीवर अजून धुकं होतं.
मैनोद्दीननं गार ग्लास उचलला,
आधी थोडं कोमट पाणी फिरवून ओतलं,
मग चहा.
त्याला कुणी शिकवलं, मी विचारलं नाही.
मुंजाजीनं ग्लास दोन्ही हातात धरला
आणि कितीतरी वेळ
प्यायलाच नाही.